आडनावाच्या रकान्यातलं टिंब

ओपन सोर्स म्हणजे माणसाने माणसाला दिलेलं निरपेक्ष दान, असं म्हणतात. हे वाक्य मी आजवर चार भाषणांत ऐकलंय. त्यांतल्या एका भाषणाच्या वेळी माझ्या गळ्यात चंदनाच्या सालींचा जाडजूड हार होता, त्यामुळे मान डोलावणंही अवघड होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर मी निरपेक्ष नव्हते. माझी एक अगदी स्पष्ट अपेक्षा होती. 'कालच्यापेक्षा आज आकडा कमी का दिसतोय?' हा प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारू नये, एवढीच.

मी डेटा इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनिअर आहे. हे काय असतं ते मी बरीच वर्षं लोकांना समजावून सांगायचे आणि लोक समजल्यासारखं करायचे. शेवटी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काम हातात घेतलं. गल्लीत कुणी विचारलं की ते सांगतात, "कंप्युटरातलं सामान एका घरातनं दुसऱ्या घरात नेते ती. बदली झाली की लॉरी येते बघा, तसं." याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळालेली नाही. फरक एवढाच की घर बदलताना एक खुर्ची राहिली तर ती कुणाला तरी दिसते. कंप्युटरातली खुर्ची राहिली तर ती कधी होती हेच कुणाला आठवत नाही.

आम्ही मैसूरचे जुने मराठी. पिढ्यान्‌पिढ्या रंगारी, कापडावर छापणारे. घरात मराठी बोलतो, पण दर दोन वाक्यांनी त्यात कन्नड घुसतं आणि कुणाला खटकत नाही. लिहायचं मराठी मी आमच्या समाजाच्या मंडळातल्या एका कुलूपबंद कपाटातून शिकले. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ दुपारी झोपायचे, म्हणून माझं वाचन सकाळचं. अप्पांच्या काळापर्यंत रंगाच्या कढया गेल्या होत्या. घरामागच्या शेडमध्ये ते लग्नाच्या तांबूल पिशव्या छापायचे, नारळ मावेल एवढ्या, वर वधूवरांची नावं. पुढे पिशव्या बाहेरून छापून यायला लागल्या आणि शेड बंद पडली.

त्याच शेडमध्ये, छपाईच्या चौकटी भिंतीला लावून, तीन रविवारांत मी माझा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव इथे सांगत नाही. त्या नावात एक विनोद आहे आणि तो आता मलाच आवडत नाही. प्रोग्राम काय करतो ते मात्र सोपं आहे. इकडच्या घरातून किती वस्तू निघाल्या ते मोजतो, तिकडे किती पोचल्या ते मोजतो. एक जरी कमी भरली तर जागच्या जागी थांबतो आणि कुठली कमी ती छापून दाखवतो. 'असू दे, चल पुढे' असं म्हणायची सोय त्यात नाही. विसरून राहिलेली नाही. मी ठेवलेली नाही.

तो मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. लायसन्स अर्ध्या पानाचं: घ्या, वापरा, बदला, विका, फक्त हा कागद सोबत राहू द्या. पहिल्या वर्षी तिघांनी वापरला. त्यातली एक मी होते आणि दुसरीही मीच, ऑफिसच्या कंप्युटरवरून. मग हळूहळू माणसं वाढली. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारे एक शाळामास्तर माझ्याबरोबर तो सांभाळू लागले. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. आमचा नियम असा की कुणीही बदल सुचवला तर तो चारचौघांत, सगळ्या जगाला वाचता येईल अशा पानावर सुचवायचा, आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय आत घ्यायचा नाही. तक्रार बहुतेक एकच यायची: हा का थांबतो? आम्ही उत्तर द्यायचो: तुमचं काहीतरी हरवलंय म्हणून. लोक रागवायचे. काही दिवसांनी काय हरवलं होतं ते सापडल्यावर त्यांतले काही परत येऊन आभार मानायचे. काही नुसतेच परत यायचे.

या प्रोग्राममुळेच मला बेळगोळच्या रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी मिळाली. तिथले आमचे साहेब महाराष्ट्रातून आलेले, बारा-पंधरा वर्षांपूर्वी. वाईट माणूस नव्हे. हाताखालच्यांच्या मुलांच्या परीक्षा त्यांना पाठ असायच्या. पहिल्याच दिवशी मी मराठीत बोलले तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "किती गोड बोलता हो तुम्ही मराठी!"

लहान मूल पहिल्यांदा चार पावलं चाललं की लोक असंच म्हणतात. मी थँक्स म्हटलं.

"नाही, खरंच. इतक्या पिढ्या इकडे राहूनही भाषा टिकवलीत. चुकतं थोडंफार, पण चालायचंच."

"तुमचं कन्नड कसं आहे, सर?" मी विचारलं.

"अहो, कामापुरतं."

ते कामापुरतं कन्नड म्हणजे 'स्वल्प अडजस्ट माडी', थोडं सांभाळून घ्या. पुढे जे झालं ते पाहता, त्यांना खरोखर तेवढंच लागत होतं.

आम्हाला एक काम मिळालं होतं, बन्नूरकडच्या एका साखर कारखान्याचं. कारखान्याला ऊस देणारे शेतकरी लावणीच्या वेळी नोंद करतात: कुणाचं शेत, कुठला ऊस, कधी लावला. त्यावरून तोडणीची पाळी ठरते. आजवर हे सारं वह्यांत होतं आणि गावोगावचे फील्डमन, म्हणजे कारखान्याचे शेतावर फिरणारे लोक, त्या वह्या सांभाळायचे. आता नोंदी कंप्युटरात जायच्या होत्या आणि पाळीचा निरोप थेट शेतकऱ्याच्या फोनवर यायचा होता. चांगलं काम होतं. ते मला आजही वाटतं.

नोंदणीचा फॉर्म साहेबांनी स्वतः बसून आखला होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीन रकाने, तिन्ही भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तो मीही पाहिला होता आणि पास केला होता, हे इथे लिहून ठेवते. आमच्या घराला आडनाव आहे. साहेबांच्या घराला तर होतंच. दोन मराठी माणसं एका टेबलापाशी बसली आणि आडनाव जगात सगळ्यांनाच असतं यावर त्यांचं न बोलता एकमत झालं. माझ्या शेजारपाजारची निम्मी घरं नावाआधी गावाचं एक अक्षर आणि वडिलांचं एक अक्षर लावून, आडनावाशिवाय, माझ्या जन्माच्या आधीपासून सुखाने नांदतायत. त्यांची पत्रं चुकून आमच्याकडे येतात आणि मी ती नेऊन देते. तरी त्या टेबलापाशी मला ते आठवलं नाही.

वह्यांतल्या नोंदी आमच्या फॉर्ममध्ये भरल्या गेल्या आणि आधी कारखान्याच्या जुन्या मशिनवर जमल्या. माझ्या प्रोग्रामने त्या तिथून आमच्याकडे आणायला सुरुवात केली आणि तो थांबला. बन्नूरच्या बाजूच्या नोंदींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा पोचतच नव्हता. त्याने यादी छापून दिली, सात पानं. प्रत्येक ओळीत नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आणि आडनावाच्या रकान्यात एक टिंब. आमच्या नव्या व्यवस्थेला टिंब हे आडनाव वाटत नव्हतं, म्हणून ती अशा नोंदी आत घेत नव्हती.

मी बस धरून बन्नूरला गेले. कारखान्याचं तिथलं ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. नोंदी भरणाऱ्या बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मी टिंबाचं विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटलं ते माझ्या येण्याचं, टिंबाचं नव्हे.

"रकाना रिकामा सोडला तर पुढे जात नाही, मॅडम. टिंब मारलं. गेलं."

"सगळ्यांना टिंब?"

"ज्यांना आडनाव नाही त्यांना." त्यांनी जरा विचार केला. "असेल त्यांनापण एखाद्या वेळी. सवय होते हाताला."

"मग कुणाला तरी कळवायचं ना, की इथे आडनावं नसतात म्हणून."

"कळवायचं कुणाला? फॉर्म तुम्ही केलात. शिकलेल्या लोकांनी विचार करून रकाना ठेवला असणार असं वाटलं." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्यात सगळ्यांना असतं काय हे?"

"असतं."

"घरातल्या सगळ्यांना एकच?"

"एकच."

"मग आडनावाने हाक मारली की चौघं वळून बघत असतील." त्या हसल्या. कोपऱ्यात वही घेऊन बसलेले पांढऱ्या मिशांचे फील्डमनही हसले. तो भाग सगळा त्यांच्याकडे होता. मी त्यांना विचारलं, समजा एखाद्याला पाळीचा निरोपच गेला नाही, तर?

त्यांचं हसू थांबलं. "तर ऊस उभा राहतो. ऊस उभा राहिला म्हणजे शोभेला राहिला असं नाही, अम्मा. तुरा येतो, आतून पोकळ होत जातो. माणूस रोज बांधावर जाऊन बघतो, शेजाऱ्याचं रान मोकळं झालं, माझं का नाही. विचारायला कुणाकडे जाणार? वहीत नाव असेल तर माझ्याकडे येईल. फोनवर येतच नाही ते कुणाला दाखवणार?"

परत येताना मला काम स्पष्ट झालं होतं. आडनावाचा रकाना ऐच्छिक करायचा, माणूस ओळखायची पद्धत बदलायची, सगळ्या नोंदी नव्याने आणायच्या. तीन आठवडे. अडचण एकच होती. दहा दिवसांनी समारंभ होता.

समारंभ साहेबांच्या डोक्यातून निघाला नव्हता, वरून आला होता. प्रमुख पाहुणे एक निवृत्त बडे अधिकारी, कारखान्याचे सल्लागार. त्यांनी बटण दाबायचं आणि भिंतीएवढ्या पडद्यावर सगळी गावं हिरवी व्हायची. त्याच कार्यक्रमात ओपन सोर्समधल्या योगदानाबद्दल माझा सत्कार. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाला आमचं रंगारी घराणं कळलं होतं आणि 'रंगांच्या कढईपासून डेटाच्या प्रवाहापर्यंत' असा मथळाही तयार होता. त्यांची एक मुलगी कॅमेरा घेऊन घरी आली आणि अप्पांना म्हणाली, "अंकल, त्या कढईशेजारी उभे राहा ना."

"कुठली कढई?"

"रंगाची."

"कढई माझ्या आज्यानं मोडीत घातली. मी पिशव्या छापल्या, अम्मा. एक पिशवी आहे, ती धरून उभा राहू काय?"

तिने ऑफिसला फोन लावून विचारलं. पिशवी नको असं ठरलं.

तर या अशा दिवसांत मी साहेबांना सात पानं दाखवली. त्यांनी दोन पानं खरोखर वाचली, तिसरं चाळलं.

"हे दुरुस्त करूच आपण. समारंभानंतर. आत्ता तुमच्या त्या प्रोग्रामात एक छोटंसं बटण टाका. चुकीच्या नोंदी बाजूला ठेवून पुढे जायचं."

"बाजूला म्हणजे कुठे, सर?"

"बाजूला म्हणजे... बाजूला."

"तिथे कोण बघणार?"

"अहो, तात्पुरतं आहे हे."

"आपल्या इमारतीतला तात्पुरता जिना किती वर्षांचा आहे?"

"हे बघा, तुम्ही मनाला लावून घेताय. टेक्निकल गोष्ट आहे."

"नोंदी चुकीच्या नाहीत, सर. फॉर्म चुकीचा आहे. तो तुम्ही केलात आणि मी पास केला. आपली चूक आणि बाजूला ते?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, तुम्ही आमच्या नोकरीत आहात, तेव्हा प्रोग्रामही आमचाच म्हणता येईल. मी म्हटलं, तो मी इथे लागण्याआधीच सगळ्यांचा होऊन बसलाय, आता एकट्याचा करता येत नाही. या वाक्यातला विजय मला फार आवडला. तो दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नावाने त्या जाहीर पानावर रीतसर सूचना आली: गाळलेल्या नोंदींकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची सोय हवी. कोडही लिहून जोडला होता. मी खाली लिहिलं, 'नाही. यात माणसं हरवतात.' थोड्या वेळाने मास्तरांचं उत्तर आलं, 'नाही.' त्यांचं इंग्रजी बेताचं आहे, पण हा शब्द त्यांना नेमका येतो. माझ्याच मालकांना मी साऱ्या जगासमोर नकार दिला होता. दुपारी जेवणाच्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मग साहेबांनी मला बोलावलं. आवाज अगदी शांत होता. "ठीक आहे. आपण त्याची आपली वेगळी प्रत करू. लायसन्स परवानगी देतं ना?"

"देतं."

"मग आपल्या प्रतीत तुम्ही ते बटण टाका."

"तुम्ही प्रत करू शकता. त्यात बटण टाकू शकता. मी टाकणार नाही."

"ही ऑर्डर आहे असं समजा."

"मग माझा नकार लेखी देते. तोही जपून ठेवा."

"अहो, मिळणार काय तुम्हाला यातून? बटण तर येणारच."

बटण येणारच होतं. ज्या कागदाने मला अडवायची ताकद दिली होती, त्याच कागदाने त्यांना मला ओलांडून जायची परवानगी दिली होती, आणि तो कागद मीच लिहिला होता. मी म्हटलं, "मिळणार काही नाही. पण ते माझ्या हाताने येणार नाही." टाळी मिळवण्यासारखं वाक्य. साहेबांनी टाळी दिली नाही. ऑफिसातल्या दोन पोरांनी बटण एका दुपारात बसवलं. चाचणीत पडद्यावर सगळी गावं हिरवी झाली. बन्नूरही.

"सत्काराला मात्र यायचं हं," साहेब म्हणाले. "पेटासुद्धा मागवून झालाय, मैसुरी पगडी."

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. ते अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत होते.

"नोकरी जाईल बहुतेक," मी म्हटलं.

"जाईल की. मत्ते काय?"

"मत्ते काय म्हणजे? मग काय, घरी बसेन."

"बस. शेड रिकामीच आहे. त्याला सुम्ने, उगीच तोंड कशाला पाडतीस?" त्यांनी एक शेंग माझ्या हातात दिली. "त्या माणसांची नावं आहेत काय तुझ्याजवळ?"

"आहेत. सात पानं."

"तुला बोलायला देणार त्या दिवशी?"

"दोन मिनिटं. मनोगत."

"दोन मिनिटं कागदावर गं. शाल घातलेल्या माणसाला खाली बस म्हणायची सोय आहे काय कुठं? आमच्या मंडळात एकाचं मनोगत पाऊण तास चाललं होतं. लोकांनी जेवण सोडलं, पण त्याला थांबवलं नाही."

समारंभ सकाळी होता. समईची ज्योत एसीच्या वाऱ्याने तीनदा विझली, तेव्हा एसी बंद केला आणि मग सगळेच विझत गेले. प्रार्थना झाली, स्वागत झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, त्यात त्यांनी भूषवलेल्या प्रत्येक पदाचा स्वतंत्र उल्लेख होता. पाहुण्यांनी बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. एच. डी. कोटे गावापासून बन्नूरपर्यंत सगळं हिरवं. मग माझ्या गळ्यात हार आला, खांद्यावर शाल आली, डोक्यावर पेटा आला. पेटा साहेबांच्या मापाचा असावा. तो भुवयांवर उतरला. पाहुणे निरपेक्ष दानावर बोलले. मग मला माईक दिला.

मी पर्समधून सात पानं काढली आणि काही प्रस्तावना न करता वाचायला सुरुवात केली. नाव, वडिलांचं नाव, गाव. आडनावं नव्हती, त्यामुळे वाचन भराभर होत होतं. पहिल्या चार-पाच नावांनंतर मला खरंच वाटलं की सभागृहात शांतता पसरली आहे. मग प्रमुख पाहुण्यांनी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, मी योजनेच्या लाभार्थ्यांची नावं घेतेय. त्यांनी वाजवली म्हणून पहिल्या रांगेने वाजवली, मग सगळ्यांनी. त्यानंतर प्रत्येक नावाला टाळ्या. यादीतून गळालेल्या माणसांचा असा जाहीर सत्कार आधी कुठे झाला असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या पानाच्या शेवटी टाळ्या विरळ झाल्या. तिसऱ्या पानावर लोकांनी फोन काढले. चौथ्यावर साहेब पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आले, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, आणि मराठीत म्हणाले, कारण त्या व्यासपीठावर ती फक्त आम्हा दोघांना कळत होती, "पुरे. बसा आता खाली."

मी माईकमध्येच म्हटलं, "अजून तीन पानं आहेत, सर. चुकतं थोडंफार, पण चालायचंच."

कुणाला काही कळलं नाही. दोन मराठी भाषिकांमधला काहीतरी जिव्हाळ्याचा संवाद असावा असं समजून पहिल्या रांगेने पुन्हा टाळ्या वाजवल्या. साहेब ग्लास ठेवून गेले. मी पेटा भुवयांवरून वर सारला आणि पाचवं पान काढलं.

सातवं पान संपल्यावर मी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलले. ही नावं त्या हिरव्या पडद्यावर नाहीत. यांच्या उसाला पाळीचा निरोप जाणार नाही. दुसऱ्या वाक्यापर्यंत कार्यक्रम संपल्याच्या सुटकेने टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि ते त्यात बुडालं. प्रमुख पाहुणे उठून हात जोडत म्हणाले, मातीशी नातं सांगणारे असे इंजिनिअर हवेत. माझी बंडखोरी तिथे, त्या क्षणी, पूर्ण फसली होती.

जेवणाच्या रांगेत कुणीतरी मागून "अम्मा" म्हणालं. बन्नूरचे ते फील्डमन होते. कारखान्याच्या लोकांबरोबर त्यांनाही बोलावलेलं, शेवटच्या रांगेत बसले होते. एका हातात बिसिबेळे भाताची पानाची वाटी, दुसऱ्यात त्यांची वही.

"तुम्ही नावं वाचत होता तेव्हा मी वहीत खुणा करत गेलो," ते म्हणाले. "माझ्या बाजूची आहेत सगळी. शेवटचं बोललात ते नीट ऐकू आलं नाही. यांना फोन येणार नाही, असं म्हणालात काय?"

"हो. येणार नाही."

"हिरवं झालं ना पण?"

"हे लोक सोडून जे उरले, ते हिरवे झाले."

त्यांनी वाटी खिडकीत ठेवली. भाताला अजून वाफ येत होती. वही उघडून खुणा पुन्हा एकदा बोटाने मोजल्या, आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. जेवायला परत आले नाहीत.

त्यानंतर जे झालं त्यात माझा काही हात नव्हता. त्या फील्डमननी आपल्या भागातल्या बाकीच्या फील्डमनना बोलावून घेतलं, आणि सगळ्यांनी मिळून कारखान्याला कळवलं की वहीतलं प्रत्येक नाव फोनवर दिसेपर्यंत पाळी वहीवरून दिली जाईल. भाषण कुणी केलं नाही. कारखान्याला ऊस वेळेवर हवा होता आणि तो कुणाच्या सांगण्यावरून येतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या हंगामात पडदा हिरवा राहिला आणि ऊस वहीप्रमाणे तुटला. पुढच्या हंगामाआधी फॉर्ममधला आडनावाचा रकाना ऐच्छिक झाला. ते काम ज्यांनी केलं त्यांनी मला फोन करून तीन शंका विचारल्या. मी उत्तरं दिली.

समारंभाच्या दुसऱ्या आठवड्यात मला राजीनामा द्यायला सांगितलं. स्वखुशीने, असं त्यांच्या कागदात छापलेलं होतं. मी म्हटलं, मला खुशी झालेली नाही. काढून टाका आणि कारण लिहा. कारण लिहायला त्यांना महिना लागला. त्या महिन्यात मी रोज वेळेवर जात होते, डबा खात होते आणि मास्तरांबरोबर प्रोग्राममधल्या जुन्या चुका निस्तरत होते. शेवटच्या दिवशी साहेब लिफ्टपर्यंत आले. "तुम्ही तो फॉर्म पास करताना अडवलं असतंत तर हे काहीच झालं नसतं," असं म्हणाले. ते खरं होतं. मी तसं मान्य केलं. मग ते म्हणाले, "आणि मी तो भरायला आधी बन्नूरला दिला असता तर." तेही खरं होतं. लिफ्ट आली.

पत्रात कारण लिहिलं होतं: या पदाची आवश्यकता उरलेली नाही.

आता मी शेडमध्येच बसते. कधी दूरच्या, कधी गावातल्याच लोकांची सामानं एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन देते. साहेबांनी विचारलं होतं, मिळणार काय. मिळालं ते इतकंच, की माझ्या प्रोग्रामात ते बटण नाही. अजूनही महिन्यातून एकदा कुणीतरी मागतं, कधी विनंती करून, कधी दमात घेऊन. एका मोठ्या कंपनीच्या माणसाने तर व्यावहारिक व्हा असा चार परिच्छेदांचा उपदेश लिहिला होता. मी नाही म्हणते, मास्तर नाही म्हणतात.

कंपनीची प्रतही चालू आहे. तिचं नाव वेगळं, रंग वेगळा, आणि तिच्यात बटण आहे. बटण ठेवायचं स्वातंत्र्य त्यांना आहे. ते मीच लेखी दिलंय. प्रत करताना तक्रारींसाठीचा ईमेल पत्ता बदलायचा मात्र त्यांच्याकडून राहून गेला. त्यांच्या तक्रारी मला येतात: कालच्यापेक्षा आज आकडा कमी का दिसतोय? आठवड्याला दोन-तीन.